ओली बाजू, कोरडी बाजू

तापीच्या काठी बुऱ्हाणपूर, आणि तिथून सातपुड्याच्या रांगांकडे सरकलं की धूलकोट. जिल्हा अलीकडचा, १५ ऑगस्ट २००३ ला खंडव्यापासून वेगळा झालेला. कानावर निमाडी पडते, बारेली पडते, हिंदी तर असतेच, आणि बुऱ्हाणपूरकडे उतरलं की मराठी. 'धूळकोट' हा आपला जुना शब्द आहे. दगडाचा तट बांधायची ऐपत नसेल तिथे मातीचा कोट उभा करायचे, तो धूळकोट. मला मात्र हे नाव ऐकलं की अंथरूणच आठवतं. उन्हाळ्यात त्या भागात संध्याकाळी गोधडी झटकली की अंगणात एक छोटं वादळ उठतं. सकाळी पुन्हा झटका, पुन्हा तेवढंच.

आपल्या समाजातल्या नव्या सुना, लेकी मला एक प्रश्न हमखास विचारतात. बाळ कुशीत झोपतं, रात्रीतून चार वेळा शू करतं, दूध ओकतं, तेल लावलेलं अंग गादीला घासतं. तर अंथरूण ताजं ठेवायचं कसं? प्रश्न विचारताना आवाज जरा खाली जातो, जणू काही हा कमी दर्जाचा विषय आहे. लढायांचा इतिहास असतो, मंदिरांचा असतो, मग बाळाच्या अंथरुणाचा का नसावा? आहे. आणि तो पुष्कळसा आपल्या आसपासच सापडतो.

सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या बुऱ्हाणपुरावरून गेला. हिरे-मोत्यांचा माणूस, पण त्याने इथल्या कापडाची नोंद केली आहे. बुऱ्हाणपूर आणि आसपासच्या मुलखात अतिशय तलम, पारदर्शक सुती कापड होतं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जातं, असं तो सांगतो. त्यातल्या रंगीत, फुलांच्या कापडाचे बायका बुरखे आणि ओढण्या करतात. आणि, हे मला फार आवडलं, पलंगावर घालायला पलंगपोसही करतात. म्हणजे पोलंडमधल्या कुणा सरदारणीच्या पलंगावर आपल्या तापीकाठचं सूत पसरलेलं असण्याची शक्यता होती. ते सूत कातणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खाटेवर काय पसरलेलं होतं, ते मात्र ताव्हर्निएने लिहिलं नाही. तो तिथे गेलाच नसणार.

त्याच बुऱ्हाणपुरात हिंदुस्थानातलं सगळ्यात प्रसिद्ध बाळंतपण झालं. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी १६३० मध्ये इथे येऊन राहिला होता. मुमताज बरोबर होती. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात ती गेली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथून आग्र्याला नेलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. संगमरवर, यमुना, वगैरे. आपल्याला शाळेत कुणी हे सांगितलं नाही की बाळ जगलं. मुलगी झाली होती, गौहरआरा. ती १७०६ पर्यंत जगली, म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत. त्या पहिल्या रात्री आई नसलेल्या त्या पोरीला कुणीतरी कुशीत घेतलं असेल, कुणीतरी ओलं काढून कोरडं घातलं असेल. मोगलांच्या घरात दूध पाजणाऱ्या दाया असत, त्यांना मान असे, त्यांच्या मुलांना दरबारात जागा मिळे. पण या दाईचं नाव ताजमहालाच्या गोष्टीत येत नाही.

आणि ते वर्ष कसलं होतं? दख्खन-गुजरातचा मोठा दुष्काळ, १६३० ते १६३२. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला आणि वाटेवर पडलेली प्रेतं पाहून हादरला. एकाच गावात, एकाच पावसाळ्याच्या तोंडाशी, एका बाळासाठी दाया, पलंग, हमाम. आणि वेशीबाहेरच्या बाळाला चिंधीसुद्धा नाही. अंथरुणाचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही एकाच पानावर घ्यावं लागतं.

आता पोथीकडे वळते. श्वेतांबर घरांत पर्युषणात कल्पसूत्र ऐकायची पद्धत आहे. त्रिशलामातेला चौदा स्वप्नं पडतात (दिगंबर परंपरेत सोळा), हे लहान पोरीलाही माहीत असतं. स्वप्नांची बोली लागते, नारळ फुटतात, पाळणा हलतो. पण त्या आधी सूत्रात शय्येचं जे वर्णन येतं, त्याकडे आपलं लक्ष नसतं, कारण तोवर बायका अजून जागा धरत असतात. एकदा नीट ऐका. अंगाच्या लांबीची गादी, उशाशी आणि पायथ्याशी उशी, दोन्ही कडा उंच आणि मधे खोलगट, गंगेच्या वाळूसारखी मऊ. वर तलम वस्त्र. तांबडा पडदा. आणि त्यात एक शब्द आहे, 'रजस्त्राण'. रज म्हणजे धूळ. धुळीपासून अंथरुणाचं त्राण करणारं वस्त्र. राजवाडा असला तरी धूळ येतेच, आणि तिच्यासाठी वेगळं कापड ठेवायला हवं, हे त्या वर्णन करणाऱ्याला माहीत होतं. आज आपण गादीवर दिवसा चादर टाकतो आणि रात्री काढतो, तेच ते.

त्याहून थेट बोलतो तो चरक. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, नवजात बाळाच्या खोलीची सगळी व्यवस्था दिली आहे. बाळाचं अंथरूण, पांघरूण, बसायचं आसन मऊ, हलकं, स्वच्छ आणि सुगंधी असावं. घाम, मळ, किडे लागलेलं, मूत्र-पुरीषाने खराब झालेलं वापरू नये. इथपर्यंत कुणीही लिहील. पुढचं वाक्य वैद्याचं आहे: दुसरं मिळण्यासारखं नसेल, तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडं करून वापरावं. मग धुरीची यादी येते: जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आणि आणखी काही, तुपात कालवून. 'दुसरं मिळण्यासारखं नसेल तर' या चार शब्दांत किती घरं पाहिली असतील त्या माणसाने! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात गरिबाच्या बाळाचं अंथरूण आलं आहे, आणि त्यासाठी सांगितलेली कृती आजही कुणी खोडून काढू शकणार नाही. धुवा, वाळवा, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय घालू नका.

मग घराघरांत झालं काय? झालं उलटंच. बाळंतिणीची खोली म्हटली की घरातली सगळ्यात अंधारी, वारा नसलेली खोली. बाज घरातली जुनी, सुंभ लोंबकळलेली. तिच्यावर पोतं, त्यावर फाटकी वाकळ. कारण उघड होतं. सुतकात वापरलेलं एकतर टाकून द्यायचं किंवा दाईला द्यायचं, मग चांगलं कोण देणार? आमच्या जैन घरांत तर दहा दिवसांचा हिशेब फार काटेकोर. देवदर्शन बंद, स्वयंपाकाला हात नाही. हा नियम बाईला विसावा देणारा आहे असं मोठी माणसं सांगत, आणि तसा तो काही घरांत होताही. पण त्याच नियमाने तिच्या वाट्याला घरातलं सगळ्यात मळकं कापड येत होतं, हे नाकारून कसं चालेल? ज्या दहा दिवसांत आई आणि बाळ दोघंही सगळ्यात नाजूक असतात, त्याच दहा दिवसांत अंथरूण सगळ्यात वाईट. चरकाने लिहिलं एक, आपण केलं भलतंच, आणि नाव दिलं परंपरेचं.

आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल दहा दिवस जगलं. त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्राचा. त्या एवढ्या लांब जाऊन पुन्हा आपल्याच बाळंतिणीच्या खोलीकडे वळल्या, याचं कारण त्या दहा दिवसांत शोधलं तर फार चुकणार नाही. बनारसीदासांचं 'अर्धकथानक' आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल, १६४१ सालचं, हिंदीतलं पहिलं आत्मचरित्र मानतात ते. जैन व्यापारी, विद्वान, आग्र्याचे. नऊ मुलं झाली, नऊही गेली. पैसा होता, धर्म होता, व्रतं होती. आईंच्या वाट्याला काय आलं ते आपण समजून घ्यायचं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाईस या डॉक्टरने दाखवलं की बाळंतरोग डॉक्टरांच्याच हातांवरून पसरतो, आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. हे सगळे सांगतात. पुढे तो पेस्ट शहरात गेला तेव्हा तिथल्या प्रसूतिगृहात न धुतलेल्या चादरींवरून त्याला प्रशासनाशी भांडावं लागलं, हे कमी सांगितलं जातं. स्वस्तातला धोबी, डाग तसेच, तीच चादर पुढच्या बाईला. युरोपातलं मोठं इस्पितळ आणि आपली बाळंतिणीची खोली, हिशेब दोन्हीकडे एकच होता: बाळंतिणीच्या कापडावर खर्च कशाला. आपल्याकडे १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी उभा राहिला, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी दुसरा निधी काढला. त्यातलं किती सातपुड्याच्या आत पोचलं असेल, ते तिथल्या वाटा पाहिल्या की कळतं.

आपल्याकडे आईची थोरवी सांगताना एक वाक्य नेहमी येतं. आई स्वतः ओल्यात झोपते आणि लेकराला कोरड्यात निजवते. व्याख्यानात आलं की डोळे पाणावतात. माझेही पाणावत. पण हे वाक्य जरा घरकामाच्या नजरेने वाचा. रात्री बदलायला दुसरी सुकी गोधडी घरात नाही, किंवा आहे पण ती काढून घालायला दुसरं कुणी उठत नाही, म्हणून बाई ओल्या बाजूला सरकली. तिथे थोरवी आहेच, पण त्याआधी तिथे एका कोरड्या कापडाची उणीव आहे. सासरच्या माणसांनी त्या थोरवीवर पिढ्यान् पिढ्या टाळ्या वाजवल्या आणि कापड दिलं नाही. टाके घातलेली, अंगावरून जाणारी बाई ओल्यात झोपली तर तिला ताप यायचा, जंतुसंसर्ग व्हायचा. आणि आई आजारी पडली की कोरड्यातल्या लेकराचंही काही खरं नसायचं.

ओलं असणं बाळाला किती जड जातं, हे तर आपल्याच मराठी मुलखातून जगाला कळलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत काम झालं, आणि तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात औषधं होती, इंजेक्शनं होती, पण ऊबही होती. बाळ कोरडं करणं, गुंडाळणं, आईला चिकटून ठेवणं. नवजात बाळाला आपली ऊब स्वतः राखता येत नाही. ओलं कापड ती शोषून घेतं, कमी वजनाच्या बाळाची तर झपाट्याने. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून ठेवली, आणि ती जगली. आज त्याला कांगारूचं नाव आहे. सातपुड्यातल्या बारेला बाईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग एरवी ठेवायचं कुठे?

२०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाला भेटायला घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. नियमाने सुतकातच पहिल्या दोन भेटी येतात. तिला दाराबाहेर उभं करणारी घरं मी पाहिली आहेत, सुशिक्षित घरं. बायांनो, तिला आत घ्या. ती बाळाचं अंग हात लावून पाहते, अंथरूण पाहते.

आता आपल्या धर्मातलं एक सांगते, कारण या विषयात ते अगदी जवळचं आहे. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम जीवांच्या उत्पत्तीची चौदा स्थानं सांगितली आहेत. मल, मूत्र, लाळ, ओकारी, रक्त, ही सगळी त्यात. शरीरातून बाहेर पडलेलं ओलं तसंच राहिलं तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, त्यात जीव उपजतात. म्हणून साधू-साध्वी परठवताना एवढी काळजी घेतात. आमच्याकडे आजेसासूबाई याच हिशेबाने चालत. बाळोतं ओलं झालं की ढिगात टाकायचं नाही. लगेच पिळून, पातळ पसरून ठेवायचं. रात्री धुणं जमत नसे, पण पसरणं जमे. सूक्ष्मदर्शक त्यांनी कधी पाहिला नव्हता. ओलं कापड गोळा करून ठेवलं की त्याला उग्र वास येतो, तो जंतूंनी मूत्रातून काढलेल्या अमोनियाचा, आणि त्यानेच बाळाची कातडी सोलते, हे पुढे पुस्तकात वाचलं. धर्माचं म्हणणं आणि शास्त्राचं म्हणणं एकच आहे असा दावा मला करायचा नाही. दोन्ही एकाच दोरीवर येऊन थांबतात, एवढंच.

ढेकणांचा प्रश्न जैन बाईला फार छळत आला आहे. मारता येत नाही आणि बाळाला चावू देता येत नाही. १६९० मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्रीने लिहून ठेवलं आहे की तिथल्या बनियांनी ढेकूण-पिसवांसाठी दवाखाना ठेवला होता आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून पैसे देऊन माणूस रात्रभर झोपवत. यात आपली चेष्टा किती आणि पाहिलेलं किती, ते असो. घरातल्या बायकांचा मार्ग वेगळा होता. त्याला जयणा म्हणतात. जीव होऊच द्यायचे नाहीत. साधू सकाळ-संध्याकाळ आपल्या वस्त्रांचं, संथाऱ्याचं प्रतिलेखन करतात, घडीन् घडी उलगडून पाहतात. तेच घरात करायचं. गोधडीचे शिवण, खाटेचे सांधे, उशीचे कोपरे रोज पाहायचे. आठवड्यातून एकदा खाट अंगणात. उष्टं, ओकलेलं दूध अंथरुणावर राहू द्यायचं नाही, मुंग्या त्यानेच येतात. १९५३ नंतर मलेरियाच्या मोहिमेत डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि लोकांनी ती पाळण्याच्या खोलीतही आनंदाने मारून घेतली. रोज पाहणाऱ्या बाईला तिची गरज कमी पडली असती.

उन्हाचं मोलही असंच. डाऊन्स आणि ब्लंट या दोन इंग्रजांनी १८७७ मध्ये दाखवलं की सूर्यप्रकाशाने जंतू मरतात. १९६० च्या दशकात हॉलंडमध्ये कळलं की घरातल्या धुळीने दमा होतो तो गादीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे, आणि त्यांना ओलावा लागतो. निमाड-खान्देशाच्या उन्हात गोधडी दोन्ही बाजूंनी तापवली की ओलावा जातो. जाड कापसाच्या गादीपेक्षा पातळ गोधड्यांची चळत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. गादी एकदा आतून ओली झाली की तीन दिवस सुकत नाही. गोधडी बादलीत बसते.

धुणं मात्र पाण्यावर उभं असतं. बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये, कुंडी भंडारा बांधला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, शंभरावर कुंड्यांमधून, शहराला आणलं. आजही त्यात उतरता येतं. पर्यटक त्याची इराणी कारागिरी पाहतात. मला तिथे उभं राहिलं की वाटतं, या शहरातल्या बायकांच्या डोक्यावरचे किती हंडे या बोगद्याने वाचवले! डोंगरातलं पाणी शहराला गेलं, आणि डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर बायका आजही उन्हाळ्यात हातपंपावर रांग लावतात. तान्ह्या बाळाची दिवसाला पंधरा-वीस बाळोती होतात. त्यांना किमान दोन पाणी. हे पाणी डोक्यावरून आणायचं असेल तर 'अंथरूण स्वच्छ ठेवा' हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड.

साबण पुढचा. त्याआधी राख, खार, रिठा. रिठ्याचा फेस कातडीला बोचत नाही, म्हणून बाळाच्या कापडाला तोच. विलायती साबण आला तेव्हा त्यात जनावराची चरबी असते म्हणून आपल्या घरांनी तो चौकटीबाहेर ठेवला. १९१८ मध्ये गोदरेजनी चरबी न घालता वनस्पती तेलाचा कपडे धुण्याचा साबण काढला आणि मग कुठे जैन, वैष्णव घरांत वडी शिरली. एक साधी गोष्ट सांगून ठेवते: ओकलेल्या दुधाचा डाग आधी थंड पाण्यात काढा. गरम पाणी घातलं की दूध कापडात शिजतं आणि डाग पक्का बसतो.

कापड जुनं हवं, ही आपल्या बायकांची मोठी जाण. झिजलेलं नऊवारी, धोतर, चार पदरी करून टाचलेलं. झिजलेलं सूत पाणी पटकन ओढतं आणि पटकन सोडतं. बाळासाठी नवं काही आणू नये असा जो संकेत होता त्यात नजर लागण्याची भीती होती तशी नव्या कापडाच्या खळीची कटकटही असावी, असं मला वाटतं. अंथरुणाचा क्रम आमच्याकडे ठरलेला होता: खाली गोधडी, तिच्यावर मेणकापड, पुढे रबराची चादर आली ती, तिच्यावर घडी केलेलं सुती दुपटं आणि त्यावर बाळ. रबर अंगाला लागलं की घामोळं येतं, म्हणून वर सूत हवंच. दुपटं ओलं झालं की तेवढंच काढायचं, आईने ओल्या बाजूला सरकायचं नाही. उशाशी तीन सुकी दुपटी घडी करून ठेवलेली असली की रात्र निभते. आणि ती घडी करून ठेवायचं काम बाळाच्या बापाला सांगावं. हाताला काही होत नाही.

बाळाला शेजारी घेऊन झोपावं की नाही, यावरून पाश्चात्त्यांमध्ये फार जुनं भांडण आहे. लंडनच्या जुन्या मृत्यूनोंदींत 'अंगाखाली दडपून मेलं' असा एक रकानाच असे. इटलीत फ्लॉरेन्सला दूधआयांना एक लाकडी कमानीची चौकट देत, बाळ तिच्यात ठेवायचं म्हणजे झोपेत अंग पडणार नाही. १८९४ मध्ये अमेरिकेत डॉ. होल्ट यांच्या पुस्तकाने बाळ वेगळंच झोपवा असं शिकवलं आणि ते कित्येक पिढ्यांनी पाळलं. आपल्याला त्यांचं वेगळं झोपवणं निर्दय वाटतं. पण त्यांची भीती पोकळ नव्हती. आजही बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ एकाच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या सपाट जागेवर, उताणं झोपवावं. त्यामुळे कुशीत घेणार असाल तर काही गोष्टी मोडायच्याच नाहीत. अंथरूण घट्ट, लोळागोळा मऊ नाही. आपली जड गोधडी बाळाच्या तोंडावर येता कामा नये. उशी त्याच्यापासून लांब. आणि शेजारच्या माणसाने दारू घेतली असेल किंवा तो बिडी-सिगारेट ओढत असेल, तर त्या अंथरुणावर बाळ नाही. हे वाचताना मोहाची दारू आठवून पाड्यांकडे बोट दाखवू नका. बंद दाराआडच्या बाटल्या आपल्याही गल्लीत आहेत, आणि त्या घरातल्या सुनेला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

पावसाळ्यात सगळंच अडतं. ऊन नाही, दोरी घरात, बाळोती दमट. तेव्हा शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर कापडं वाळवायची पद्धत होती, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा. चरकाची धुरी ती हीच, सुपातून टोपलीवर आलेली. कापडाला धुरी द्यावी, बाळाच्या नाकाला नाही. बंद खोलीतला कोळशाचा धूर जीव घेतो. शेगडी पडवीत, बाळ आत.

१९४६ च्या सुमाराला मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईने रोजच्या ओल्या चादरींना वैतागून न्हाणीघरातल्या पडद्याचं कापड कापलं आणि लंगोटावर घालायचं पाणी न झिरपणारं वेष्टण शिवलं. कंपन्यांनी तिला परत पाठवलं, म्हणून तिने ते स्वतः विकलं. टाकाऊ डायपर त्यानंतर, १९६१ मध्ये मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. आता सातपुड्यातल्या किराणा दुकानांतही त्यांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, एकेक सुटा मिळतो. प्रवासात, पावसात, आजारपणात मी तो नाकारणार नाही. रात्रभर झोप मिळालेली आई मला प्रिय आहे. पण सुटा घेतलेला महागाचा डायपर काढवत नाही, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत तोच बांधून ठेवलेली बाळं दिसतात, आणि काढलेला जातो नाल्यात. आमच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या हिशेबात ते प्लास्टिकमध्ये बंद ओझं कुठे बसवायचं, हे मी एका साध्वीजींना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, दिवसा तरी सुती बांध. मी माझ्या सुनेला तेच सांगितलं, आणि जुन्या मलमलच्या दोन साड्या फाडून सव्वीस बाळोती करून दिली.